मालाडच्या फलकावर ओस्टेनच्या नावापुढे काय लिहायचं?

मालाड पश्चिमेला स्टेशनबाहेर रिक्षात बसून 'बॉम्बे टॉकीज' एवढंच म्हटलं, की रिक्षावाला मीटर टाकता टाकता खात्री करून घेतो, "कंपाऊंड ना?" टॉकीज म्हणजे तिथे स्टुडिओ होता की थिएटर, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आत शिरल्यावर त्याचं चुकतंय असंही वाटत नाही. पत्र्याची छपरं, लहानमोठे गाळे, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या, कुठे बोळात टेम्पो मागे घेण्याची आरडाओरड. जुन्या बांधकामाचा एखादा तुकडा दिसतो तोही पिंपळाच्या मुळांनी धरून ठेवला आहे म्हणून. 1934 साली इथे पंचवीस लाखांच्या अधिकृत भांडवलाची चित्रपट कंपनी निघाली होती आणि तिच्या संचालकांत मुंबईतले 'सर' किताबवाले बसत होते, हे तिथल्या चहावाल्याला सांगितलं तर तो आपल्याला चहा फुकट देईल, पण विश्वास ठेवणार नाही.

इथे निदान एक फलक तरी लागावा, असं सिनेमावेड्या मंडळींत अधूनमधून बोलणं निघतं. मलाही तो हवा आहे. जवळच्या एका रस्त्याला हिमांशु राय यांचं नाव आहे, पण ते नाव कुणाचं हे सांगणारं काही नाही. फलक झालाच तर पहिली नावं ठरलेली आहेत: संस्थापक हिमांशु राय, त्यांची पत्नी आणि नायिका देविकाराणी, नायक अशोककुमार. नंतर कथालेखक निरंजन पाल, संगीतकार सरस्वतीदेवी. आणि मग एक नाव येतं, जिथे लिहिणाऱ्याचा हात जरा थबकायला हवा. फ्रान्झ ओस्टेन. 1935 ते 1939 या काळात या स्टुडिओच्या बहुतेक चित्रपटांवर 'दिग्दर्शक' म्हणून ज्याचं नाव आहे तो. 'अछूत कन्या'चा दिग्दर्शक. आणि 'अछूत कन्या' पडद्यावर आला त्याच 1936 साली नाझी पक्षाचा सभासद झालेला माणूस.

हे पहिल्यांदा ऐकल्यावर लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. काहींचे डोळे चमकतात, "काय सांगता! अस्पृश्यतेवरचा सिनेमा नाझ्याने काढला?" चघळायला विषय मिळतो. दुसरे हात झटकतात, "जाऊ द्या हो, तेव्हा सगळेच असायचे. त्याचं काम बघा." मला हे दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं की त्याचं सभासदत्व फलकावर लिहावं, सालासकट लिहावं, आणि त्याचं नावही काढू नये. ओस्टेनला उघडं पाडायचं म्हणून नाही. तो 1956 साली वारला, त्याला आता कशाचाच त्रास नाही. ते लिहायचं कारण 'अछूत कन्या' आपण कसा पाहतो याच्याशी आहे.

आधी माणूस बघू.

त्याचं खरं आडनाव ओस्टरमायर. जन्म डिसेंबर 1876, म्युनिक. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. 1907 मध्ये फ्रान्झ आणि त्याचा भाऊ पेटर यांनी फिरता सिनेमा काढला, आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबूसारखाच. त्यांनी दाखवलेल्या चित्रफितींत एक भारतातल्या जीवनावरची होती आणि थोड्याच खेळांनंतर प्रोजेक्टरने पेट घेतला, असं सांगतात. धंदा बसला, नाद गेला नाही. पेटर निर्माता झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याने म्युनिकमध्ये कंपनी उभी केली. तिच्या जर्मन नावातल्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'एमेल्का' म्हणू लागले. बर्लिनच्या बलाढ्य 'उफा' चित्रपट कंपनीपुढे बव्हेरियाचं हे उत्तर होतं. गाइझेलगास्टाइग या म्युनिकजवळच्या गावात त्यांचा स्टुडिओ होता. 1925 साली इंग्लंडहून आलेल्या आल्फ्रेड हिचकॉक नावाच्या पंचविशीतल्या मुलाने आपला पहिला पूर्ण चित्रपट याच स्टुडिओसाठी केला. फ्रान्झ आडनाव आखूड करून 'ओस्टेन' झाला आणि भावाच्या कंपनीत डोंगराळ गावांतल्या शेतकऱ्यांची नाट्यं चित्रित करू लागला. कारागीर माणूस. दिलेल्या वेळेत, दिलेल्या पैशांत काम उरकणारा. जर्मन सिनेमाच्या इतिहासात त्या दशकातल्या मोठ्या नावांच्या यादीत तो येत नाही, आणि यावा असंही काही नाही.

1924 मध्ये हिमांशु राय म्युनिकला पोचला. बंगालचा, कायदा शिकलेला, लंडनच्या रंगभूमीवर वावरलेला तरुण. सोबत निरंजन पालची संहिता, बुद्धाच्या चरित्रावरची. निरंजन म्हणजे लाल-बाल-पाल मधल्या बिपिनचंद्र पालांचा मुलगा. प्रस्ताव सरळ होता: यंत्रं, कॅमेरा आणि दिग्दर्शक तुमचे; नट, स्थळं आणि भारतातला खर्च आमचा. पेटरला तो पटला. 1925 च्या मार्चमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचा ओस्टेन मुंबईच्या बंदरात उतरला, बरोबर कॅमेरामन योसेफ विर्शिंग. 'प्रेम संन्यास', बाहेरच्या जगात 'लाइट ऑफ एशिया', त्याच साली तयार झाला. जयपूरच्या महाराजांनी हत्ती, घोडे, माणसं दिली. बुद्ध स्वतः हिमांशु राय. युरोपात चित्रपटाचं कौतुक झालं आणि इंग्लंडच्या राजापर्यंत त्याचा खेळ पोचला. पाठोपाठ 1928 मध्ये 'शिराज', 1929 मध्ये 'प्रपंच पाश'. ताजमहाल, द्यूत, राजवाडे, हत्तींच्या रांगा. युरोपला जसा पूर्व दिशेचा देखावा हवा होता तसाच, फरक एवढाच की तो खऱ्या राजस्थानात उभा होता, बर्लिनच्या पुठ्ठ्याच्या देवळात नव्हता.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. या तीन मूकपटांच्या चांगल्या प्रती आज आपण पाहू शकतो त्या युरोपातल्या संग्रहांमुळे. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट बनले असं मानतात; त्यातले हाताच्या बोटांवर नाही तरी दोन-अडीच डझनांच्या आत मोजावेत इतकेच उरले आहेत. फाळक्यांचेही बहुतेक तुकडेच आहेत. तेव्हा ओस्टेनचं नाव घेताना कृतज्ञता जरूर असावी, पण ती कशाबद्दल याचा घोळ नको. परदेशी भागीदारीमुळे प्रत परदेशात राहिली, म्हणून वाचली. दिग्दर्शनाची थोरवी हा वेगळा हिशेब आहे.

1933 मध्ये जर्मनीत हिटलर आला. त्याच वर्षी चित्रपट व्यवसायावर सरकारी मंडळ बसवलं गेलं; त्याचं सभासदत्व नसेल तर स्टुडिओत पाऊल ठेवता येत नव्हतं आणि ज्यूंना ते मिळत नव्हतं. रायने पुढच्या वर्षी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली आणि जुन्या सोबत्यांना बोलावलं. ओस्टेन दिग्दर्शनाला, विर्शिंग कॅमेऱ्याला, कार्ल फॉन श्प्रेटी कलादिग्दर्शनाला, विल्हेल्म त्सोल्ले प्रयोगशाळेला. ध्वनिमुद्रणाला इंग्लंडचा हार्टली. प्रयोगशाळेत त्सोल्लेच्या हाताखाली एक बंगाली तरुण होता, कुमुदलाल गांगुली, म्हणजे पुढचा अशोककुमार. एका चित्रपटाचा नायक नायिकेला, म्हणजे देविकाराणीला, घेऊन पळाला, रायने नायिकेला परत आणलं, नायकाला नाही. आणि या प्रयोगशाळेतल्या मुलाला पुढे ढकललं. ओस्टेनला तो पसंत नव्हता. तुझा जबडा फार जड आहे, तू नट होणार नाहीस, असं त्याने सांगितल्याचं अशोककुमार पुढे हसत हसत सांगत. जर्मन दिग्दर्शकाची पारख किती अचूक होती याचा हा एक नमुना!

आता मुद्द्याकडे. ओस्टेनला हिंदी येत नव्हतं. ही टीका नाही, कामाची पद्धत समजण्यासाठी सांगतोय. कथा निरंजन पालची, संवाद जे. एस. कश्यपांचे, चाली सरस्वतीदेवींच्या. या सरस्वतीदेवी म्हणजे खोर्शेद मिनोचर-होमजी. पारशी मुली सिनेमात, म्हणून समाजाने इतका गहजब केला की नाव बदलावं लागलं. नटांची निवड, पैसा आणि विषयावरचा शेवटचा शब्द हिमांशु रायचा. प्रकाश विर्शिंगचा, आणि 'अछूत कन्या'त आज डोळ्यांत भरतं ते त्याचंच काम: रात्रीचं रेल्वे फाटक, कंदिलाचा उजेड, झाडाखालच्या सावल्या. मग ओस्टेनने काय केलं? दृश्यं लावली, वेळापत्रक पाळलं, अभिनयाला युरोपीय संयम दिला, पाच वर्षांत डझनाहून जास्त बोलपट पुरे केले. हे थोडं नाही. पण 'अछूत कन्या' ओस्टेनचा, असं म्हणणं म्हणजे वाड्याचं श्रेय एकट्या गवंड्याला देण्यासारखं झालं. दिग्दर्शकाच्या नावाने चित्रपट ओळखायची सवय आपल्याला नंतर लागली. 1936 च्या स्टुडिओला ती लावली की दोन्ही बाजूंनी फसगत होते. "नाझ्याने अस्पृश्यतेवर सिनेमा काढला" ही सनसनाटी त्यातूनच निघते आणि "जर्मनांनी आपल्याला सिनेमा शिकवला" हा कृतकृत्य सूरही त्यातूनच.

या दुसऱ्या सुरावर मराठी माणसाने तरी माना डोलावू नयेत. ज्या 1936 साली मालाडला 'अछूत कन्या' झाला, त्याच साली पुण्यात प्रभातने 'संत तुकाराम' केला. दामले-फत्तेलाल कोल्हापूरचे, पडदे रंगवत आणि सुतारकाम करत वर आलेले. कुठला जर्मन कॅमेरामन नाही, कुठला इंग्रज ध्वनिमुद्रक नाही. आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांतारामबापू 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला जाऊन आले होते, तिथून त्यांनी पुष्कळ उचललं, पण ते तंत्र विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळसपणाने.

तरीही ओस्टेनचं सभासदत्व बाजूला सारता येत नाही. साल पाहा. 1935 च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्गचे कायदे झाले. ज्यू आणि जर्मन यांच्यात लग्न बेकायदा, जुळलेलं प्रेमही गुन्हा, आणि ज्यू कोण हे ठरणार आजी-आजोबांच्या जन्मावरून. पुढच्याच महिन्यात, 13 ऑक्टोबरला, येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. 1936 च्या मे महिन्यात लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळाने होऊ न दिलेलं भाषण त्यांनी स्वतः छापून काढलं; जात मोडायचा खरा उपाय म्हणजे आंतरजातीय लग्न, आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांचं पावित्र्य नाकारल्याशिवाय ते होणार नाही, हा त्यातला गाभा. आणि त्याच वर्षी मालाडला एक चित्रपट तयार होत होता, ज्याची सगळी गोष्ट एवढीच आहे की ब्राह्मणाचा प्रताप आणि फाटकवाल्याची कस्तुरी एकमेकांवर जीव लावतात आणि जन्मामुळे त्यांचं लग्न होऊ शकत नाही. सेटवर 'सुरू करा' म्हणणाऱ्या माणसाने याच वर्षी ज्या पक्षाचं सभासदत्व घेतलं, त्या पक्षाने जन्मामुळे लग्नबंदी हा नुकताच आपल्या देशाचा कायदा केलेला होता.

'तेव्हा सगळेच असायचे' हे खरं नाही. सक्ती होती ती सरकारी चित्रपट मंडळाच्या सभासदत्वाची, तीही जर्मनीत काम करायचं असेल तर. पक्षाची नव्हती. आणि ओस्टेन मालाडला होता. पगार हिमांशु रायकडून येत होता. म्युनिकमध्ये त्याच्या पोटावर पाय येत होता असंही म्हणता येत नाही. परत जायची वेळ आली तर सोय असावी म्हणून घेतलं असेल? असेलही. मग तसंच म्हणावं, 'सोय म्हणून घेतलं'. जगात बहुतेक वाईट पक्षांची यादी सोय म्हणून नाव लिहिणाऱ्यांनीच भरते. मनातून पटल्यामुळे घेतलं असेल तर प्रश्नच मिटला.

त्याच मुंबईत दुसरेही जर्मन बोलणारे लोक होते, हे आपण सोयीने विसरतो. वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार 1934 पासून इथे होता. आकाशवाणीची जी धून ऐकत आपल्या घरांतले स्टोव्ह पेटले, ती बांधण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. विली हास, बर्लिनचा नावाजलेला साहित्य-संपादक आणि पटकथाकार, पुढे काफ्काची मिलेनाला लिहिलेली पत्रं ज्याने संपादित केली तो, 1939 मध्ये जीव वाचवून मुंबईत आला आणि मोहन भवनानींच्या कंपनीत हिंदी चित्रपटांच्या कथा लिहू लागला. रूडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लांगहॅमर हे पुढे आपल्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे मालाडला बसून बर्लिनमध्ये काय चाललंय हे कळत नव्हतं, असं नव्हे. ज्यांना बर्लिनने हाकललं ते इथेच, चर्चगेट लाइनीवर, लोकलने ये-जा करत होते.

युद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी हा फरक केला नाही. 1939 च्या सप्टेंबरात जर्मन पासपोर्टवाले सगळेच 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' झाले. सुरुवातीला पळून आलेल्या ज्यूंनाही पकडून छावण्यांत टाकलं. 'कंगन'चं काम चालू असताना मालाडचे जर्मन उचलले गेले. त्या चित्रपटाची नायिका आपली लीला चिटणीस. कंगन सहायकांनी पुरा केला आणि तो धो धो चालला, यावरूनही दिग्दर्शकाच्या खुर्चीचं वजन किती होतं ते कळतं. ओस्टेन तेव्हा बासष्ट वर्षांचा. वयामुळे त्याला सोडलं, 1940 मध्ये तो जर्मनीला गेला आणि युद्ध संपेपर्यंत म्युनिकच्या बव्हारिया कंपनीत नोकरीला राहिला, ज्या गाइझेलगास्टाइगमध्ये भावांनी सुरुवात केली होती तिथेच. आता ती कंपनी सरकारची होती. विर्शिंगचा रस्ता वेगळा निघाला. अहमदनगरपासून पुढच्या छावण्यांत त्याने युद्धाची वर्षं काढली, सुटल्यावर मुंबईतच राहिला, 'महल' चित्रित केला, 'पाकीजा' अर्धवट असताना 1967 मध्ये इथेच वारला. त्याने काढलेली स्टुडिओतली छायाचित्रं 2017 च्या डिसेंबरात पणजीला प्रदर्शनात मांडली होती. लाइटच्या लाकडी माच्यावर चढलेले कामगार, मेकअप पुसणारी देविकाराणी, आणि एका कोपऱ्यात उन्हाची टोपी घातलेला, पोट किंचित सुटलेला म्हातारा ओस्टेन. त्याच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं. कुणाच्याच नसतं.

मग 'अछूत कन्या'त हा पक्ष कुठे दिसतो का? मी चित्रपट अनेकदा पाहिला. नाही दिसत. नाझी प्रचाराचा लवलेश नाही. आणि नेमकी इथेच मला खटकणारी गोष्ट सुरू होते.

पुन्हा पाहा तो चित्रपट, निदान शेवट. कस्तुरी म्हणजे देविकाराणी: खेड्यातल्या फाटकवाल्याची मुलगी, पण भुवया कोरलेल्या, पदर इस्त्री केल्यासारखा. तिच्या बापाने प्रतापच्या बापाचं सापाचं विष तोंडाने शोषून काढलेलं आहे. तेव्हा स्पर्शाचा विटाळ झाला नाही. आजारी पडल्यावर ब्राह्मण मित्र त्याला घरात घेतो तर गाव घर पेटवतं. दोघांची लग्नं दुसरीकडे लागतात. गैरसमज, संशय, फाटकावर कस्तुरीचा नवरा आणि प्रताप यांची रुळांवर झोंबाझोंबी, समोरून गाडी. कस्तुरी गाडीकडे धावते, हात वर करून. गाडी थांबते, ती मरते. आणि गोष्ट सांगितली जाते ती तिच्या स्मारकापाशी, रात्री फाटक बंद असल्यामुळे मोटार थांबवावी लागलेल्या एका सुखवस्तू जोडप्याला. जिवंतपणी जिचा स्पर्श चालत नव्हता, तिची मेल्यावर जवळजवळ देवी होते.

यात कुणाला काही सोडावं लागतं का? प्रतापला नाही. गावाला नाही. मोटारीतल्या जोडप्याला तर नाहीच. फाटक उघडलं की ते जातात. प्रेक्षकाला नाही, तो रुमाल खिशात घालून बाहेर पडतो. मरते ती कस्तुरी, आणि मरताना वाचवते त्यांनाच ज्यांच्या जगात तिला जागा नव्हती. चित्रपट जातीवर रडतो, जातीला हात लावत नाही. प्रताप-कस्तुरीचं लग्न लावायची हिंमत कथेत नाही, आणि बाबासाहेबांच्या त्या वर्षीच्या भाषणात नेमकी तीच मागणी आहे.

एक वर्ष आधी प्रभातचा 'धर्मात्मा' आला होता, बालगंधर्वांना एकनाथ करून. आधीचं नाव 'महात्मा' सेन्सॉरला सोसलं नाही, म्हणून बदललं. प्रभातचा तो फार यशस्वी चित्रपट नाही, आणि नाथांच्या गोष्टींतही भक्तीच्या आडून बरंच निसटून जातं. पण नाथांच्या कथेत निदान पंगत बसते. ताटं मांडली जातात, आणि वरच्या जातीच्या माणसाला उठून जायचं की बसायचं हे ठरवावं लागतं. त्याला किंमत पडते. गंमत म्हणजे बॉम्बे टॉकीजच्या कँटीनमध्येही अशी पंगत होती. तिथे सगळ्या जातींचे लोक एकत्र जेवत, याचा स्टुडिओला अभिमान होता. रायने जे कँटीनमध्ये केलं ते पडद्यावर करायची त्याची तयारी नव्हती. गिऱ्हाईक तुटलं असतं.

ओस्टेनला हा चित्रपट करताना अडखळायला झालं असेल का, असा प्रश्न लोक विचारतात. माझं उत्तर: का व्हावं? ज्या गोष्टीत दुर्दैवी मुलगी रुळांवर मरते आणि सगळ्यांना वाईट वाटतं, ती कुठल्याही खिशात कुठलंही कार्ड ठेवून चित्रित करता येते. दूरच्या देशातली, दूरच्या जातीची मुलगी, तिच्यासाठी कळवळणं सोपं. न्यूरेंबर्गचे कायदे मुकाट मानणारे लोक त्याच आठवड्यात थिएटरात बसून कुणा अभागिनीसाठी रडले असतील. म्हणून मला तो विरोधाभास वाटत नाही, ज्याचं एवढं आश्चर्य करतात. हा चित्रपट आणि ते सभासदत्व एकाच माणसाच्या एकाच वर्षात शेजारी नांदू शकले, यावरून चित्रपट किती सोशिक होता हे कळतं. आपल्या शाळा-कॉलेजांत 'अछूत कन्या' अजूनही 'सामाजिक सुधारणेचा चित्रपट' म्हणून एका ओळीत उरकला जातो. त्या ओळीशेजारी दिग्दर्शकाचं 1936 लिहिलेलं असलं, तर एखादा विद्यार्थी विचारेल, हे कसं काय चाललं? मग त्याला चित्रपट नीट पाहावा लागेल.

यावर एक आक्षेप वजनदार आहे, तो टाळत नाही. ज्या माणसावर इथे कुठला गुन्हा शाबीत नाही, ज्याच्या कामात प्रचार नाही, त्याच्या नावाशेजारी एक शब्द कायमचा कोरणं हा न्याय आहे का? नाझी प्रचारपट काढणाऱ्या लेनी रीफेनश्टाल किंवा फाइट हार्लान यांच्याबद्दल असा प्रश्न पडत नाही, त्यांच्या चित्रपटांतच सगळं आहे. ओस्टेन त्यांच्या पंगतीला बसवायचा नाही, हे मला मान्य. म्हणून तर मला विशेषण नको, नुसती नोंद हवी. 'नाझी दिग्दर्शक' असं लिहिणं खोटं ठरेल, कारण त्याचं दिग्दर्शन तसं नव्हतं. '1936 साली नाझी पक्षाचा सभासद' हे खरं आहे. या दोन वाक्यांत अंतर आहे, आणि फलक लिहिणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

जर्मनांनाही हे उशिराच जमलं. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात आल्फ्रेड बाउअरच्या नावाचं पारितोषिक वर्षानुवर्षं दिलं जात होतं. तो महोत्सवाचा पहिला संचालक. 2020 च्या सुरुवातीला एका साप्ताहिकाने कागदपत्रं बाहेर काढली की हा माणूस नाझी राजवटीच्या चित्रपट यंत्रणेत वजनदार जागेवर होता आणि पुढे त्याने ते झाकलं. महोत्सवाने पारितोषिक लगेच थांबवलं आणि इतिहास संशोधकांकडून चौकशी करून घेतली. पारितोषिकावरून नाव गेलं, इतिहासातून नाही. तो पहिला संचालक होता हे आजही तसंच लिहिलं जातं, पुढच्या ओळीसकट. आपल्याकडे दोनच पद्धती. एक तर पुतळा, नाही तर पुतळा पाडणं. गोठ्यातल्या गाईच्या कानाला बिल्ला असतो तसा माणसाला एकच बिल्ला. आपल्याच चित्रपटमहर्षींची चरित्रं वाचा: कुणी कुणाचे पैसे बुडवले, कुणी नटीशी कसं वागलं, कुणी पगार थकवले, याबद्दल बैठकीत रंगून बोलणारे लोक गौरवग्रंथात एक अक्षर लिहीत नाहीत. ओस्टेन परका आहे, त्याचे नातेवाईक इथे निषेधाचं पत्र घेऊन येणार नाहीत. सवय करायला तो बरा आहे.

फलकासाठी कोण अर्ज करणार, जागा कुणाच्या मालकीची, महापालिकेत ती फाइल कुठल्या टेबलावर पडेल, या गोष्टी मला चांगल्या माहीत आहेत आणि त्यावर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. मजकूर मात्र मी करून ठेवला आहे. मराठीत, वर मोठ्या अक्षरांत 'बॉम्बे टॉकीज, 1934'. खाली नावं, प्रत्येकाच्या पुढे त्याने काय काम केलं ते. त्यात प्रयोगशाळेचा त्सोल्लेही आहे आणि समाजाने नाव टाकायला लावलेली खोर्शेदही, दोन्ही नावांनी. सहाव्या ओळीत:

'फ्रान्झ ओस्टेन (जन्म म्युनिक, 1876; मृत्यू 1956). 1935 ते 1939 इथल्या बहुतेक चित्रपटांचे दिग्दर्शन. हिंदी येत नव्हते. 1936 पासून नाझी पक्षाचे सभासद. त्याच वर्षी याच आवारात 'अछूत कन्या' चित्रित झाला.'

परवा हा कागद मी एका मित्राला दाखवला. जुना फिल्म सोसायटीवाला. त्याने चष्मा वर केला, वाचला, आणि पेन्सिलीने 'हिंदी येत नव्हते' खाली रेघ मारून म्हणाला, "हे कशाला? अपमान वाटतो." पुढच्या ओळीबद्दल काही बोलला नाही.